वाईट पंच कोण घडवतं?

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शालेय क्रीडा स्पर्धा सुरू होतात. आधी क्लस्टर, मग तालुका, मग जिल्हा. त्यांच्या पाठोपाठ दरवर्षी तोच वादही येतो. कुठल्या तरी मैदानावर खो-खोचा नाहीतर कबड्डीचा सामना थांबतो, प्रशिक्षक आत घुसतो, त्याच्या मागून पालक घुसतात, पंचाच्या कॉलरला हात जातो, कोणीतरी मोबाइल काढतो आणि रात्रीपर्यंत गावात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पंचाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द, हल्लीच्या आईबापांना वळणच राहिलं नाही. दुसरा म्हणतो, पंच खाऊन बसला होता, मग काय त्याला ओवाळायचं होतं? मला दोन्ही बाजू आळशी वाटतात. पहिली पंचाला देव करून त्याच्या चुकांवर बोलणंच बंद करते. दुसरी त्याला आधीच चोर ठरवून मोकळी होते. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडची पंचगिरी खरोखरच सुमार आहे, आणि ती सुमार राहण्याचं मोठं कारण म्हणजे रेषेबाहेर उभं राहून तिच्या नावाने बोंब मारणारे आपणच आहोत. त्यातही पालकांपेक्षा प्रशिक्षक जास्त.

पंचगिरी सुमार आहे हे झाकण्यात अर्थ नाही. तालुका पातळीवर पंच म्हणून उभा असतो तो बहुतेक वेळा कुठल्या तरी सहभागी शाळेचाच पी. टी. मास्तर. सकाळी आपली पोरं टेम्पोत भरून आणायची, त्यांचा सामना उरकायचा आणि पुढच्या सामन्याला गळ्यात शिट्टी अडकवून उभं राहायचं. त्या सामन्यात जो जिंकेल तो संध्याकाळी ह्याच्याच पोरांशी भिडणार. अशा माणसाच्या निर्णयाकडे कोणी संशयाने बघितलं तर त्याला वळण नाही म्हणणं हा अन्यायच. मास्तर अगदी प्रामाणिक असला तरी त्याच्यापुढचं काम सोपं नाही. रात्रभर पाऊस पडून गेलेला, सकाळी मारलेली फक्की अर्ध्या तासात चिखलात गेलेली, आणि अशा मैदानावर त्याने सांगायचं की खो मिळायच्या आधीच बसलेला पोरगा उठला का, पाठलाग करणाऱ्याचा पाय मधल्या पट्टीला लागला का. कबड्डीत बोनस द्यायचा तर पुढचा पाय रेषेपलीकडे पडला त्या क्षणी मागचा पाय हवेत होता की जमिनीवर, हे बघायचं. शाळांच्या फुटबॉलमध्ये तर कित्येकदा एकच रेफ्री, बाजूला लाइनमन नाहीत. मैदानाच्या मधोमध उभं राहून एकट्या माणसाने ऑफसाइड अचूक द्यावा ही अपेक्षाच बिनडोक आहे. चुका होणारच, आणि त्या भरपूर होतात.

त्या चुकांची किंमतही लहान नसते. शहरातल्या सुखवस्तू घराला शालेय स्पर्धा म्हणजे पोराचा छंद. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या किंवा काळ्या मातीतल्या एखाद्या कोरडवाहू घराला जिल्हा पातळीचं प्रमाणपत्र म्हणजे क्रीडा वसतिगृहाचा दरवाजा, पुढे कॉलेजातली कोट्याची जागा, नाहीतर मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातल्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीची आशा. एका चुकीच्या शिट्टीने ते सगळं एका वर्षाने पुढे ढकललं जातं, आणि वयोगट उलटला तर कायमचं जातं. अशा बापाला 'खेळ म्हणजे खेळ, हार-जीत चालायचीच' असं ऐकवणारा माणूस मला ढोंगी वाटतो.

आणि कर्नाटकातल्या या मराठी सीमाभागात आणखी एक पदर आहे, तो सभ्यपणाखातर कोणी उघड बोलत नाही. मराठी शाळेचा संघ हरला आणि पंच कन्नड शाळेचा असला की 'मुद्दाम केलं' हे वाक्य ठरलेलं. पंच मराठी आणि हरलेला संघ कन्नड शाळेचा असला की पलीकडून तेच वाक्य, फक्त भाषा बदलून. प्रत्येक वेळी हा संशय खोटाच असतो असं मी म्हणणार नाही. पण एवढं नक्की की पंचाने डोळ्यांत तेल घालून निर्णय दिला तरी त्याचं आडनाव विचारलं जातं आणि निकाल आडनावावरून लावला जातो.

एवढं सगळं मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो हा, की मग ओरडण्याने यातलं काय सुधारतं? पंचाच्या अंगावर धावून गेल्याने तो निर्णय बदलला आणि सामना शांतपणे पुढे गेला, असं किती वेळा होतं? आणि जेव्हा बदलतो तेव्हा तर ते जास्त वाईट. दडपणाखाली एकदा निर्णय फिरवलेला पंच उरलेला सामना ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने देतो. म्हणजे ज्या पक्षपाताविरुद्ध आपण ओरडलो तो पक्षपात आपणच तयार केला, फक्त आपल्या सोयीचा. लहान गावचा, चार पोरं आणि एक मास्तर घेऊन आलेला संघ, ज्याच्या पाठीमागे ओरडायला कोणी नसतं, तो यात पहिला मारला जातो. तेव्हा अन्यायाविरुद्ध आवाज उठवतोय ही भाषा जरा जपून वापरावी.

पण याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, कारण ते मैदानावर न येणाऱ्यांचं आहे. सुट्टीतल्या चषक स्पर्धांत शिट्टी कोणाकडे असते ते बघा. लेले मैदान असो की व्हॅक्सिन डेपो, दिवसाला चार-पाच सामने काढायचे असतात, आणि आयोजक कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या माजी खेळाडूला उभं करतात. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला खेळाची जाण असते, पळायला दम असतो, नियमांचं पुस्तक वाचायची इच्छाही असते. पुढच्या दहा वर्षांचा चांगला पंच व्हायचा तर तो याच पोरांतून होणार. आणि त्याच्या वडिलांच्या वयाचा माणूस रेषेवरून त्याला विचारतो, "डोळे फुटले काय रे? किती खाल्लास?" असे दोन रविवार काढले की तिसऱ्या रविवारी त्याला नेमकं काहीतरी काम निघतं. मुलींच्या सामन्यांना पंच म्हणून आलेल्या एखाद्या तरुण शिक्षिकेला काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही. ती दुसऱ्या वर्षी नाव देत नाही. मग उरतं कोण? ज्याची कातडी गेंड्याची आहे तो, ज्याला नेमणूक टाळता येत नाही तो, किंवा ज्याचा त्यात काही स्वार्थ आहे तो. चांगले पळवून लावायचे आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून 'बघा, पंच कसले मिळतात' म्हणायचं, हे चक्र आपण वर्षानुवर्षं फिरवत आलो.

हे कुठवर जाऊ शकतं याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागलं तरी ते सांगितलं पाहिजे. नेदरलँड्समधल्या आल्मेरे इथे डिसेंबर २०१२ मध्ये पोरांच्या फुटबॉल सामन्यानंतर बाजूची रेषा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तो कोणी भाड्याचा पंच नव्हता. त्याचा स्वतःचा पोरगा त्या सामन्यात खेळत होता. पुढच्या वर्षी शिक्षा झालेल्यांत सहा किशोरवयीन पोरं होती, आणि एक बाप होता. पोरांबरोबर बाप. 'पोरांचं रक्त गरम असतं' म्हणणाऱ्यांनी या तपशिलाचा विचार करावा.

आपल्याकडे हा वाद सगळ्यात तापला तो कुस्तीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मैदानात गादी (मॅट) विभागाच्या लढतीनंतर हरलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारली, अंतिम लढतीतही पंचाशी गैरवर्तन झालं आणि दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. बेळगाव-कंग्राळीच्या तालमीत कोल्हापूरच्या कुस्तीची बातमी पुण्याआधी पोचते, तेव्हा इथल्या कट्ट्यांवर त्यावर किती घसे सुकले असतील ते सांगायला नको. पण सगळी चर्चा एकाच गोष्टीवर अडकली: खांदे टेकले होते की नव्हते? चित्रण पुढे-मागे करून लोक सांगत होते, बघा, टेकलेच नाहीत, म्हणजे लाथ बरोबर. मी म्हणतो, क्षणभर धरून चालू की नव्हते टेकले, निर्णय साफ चुकला. त्याने लाथ बरोबर ठरते का? ठरत असेल तर उद्या प्रत्येक चुकीच्या निर्णयाला एक लाथ देय होते, आणि निर्णय चुकीचा होता की नाही हे ठरवणार कोण, तर हरलेला! चुकीचा निर्णय आणि पंचावरचा हात हे दोन वेगळे गुन्हे आहेत आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. त्या आठवड्यात तालमीतली बारा-चौदा वर्षांची पोरं मोठ्यांच्या तोंडून काय ऐकत होती? लाथेचं समर्थन. वस्ताद मंडळींतल्या किती जणांनी पोरांना जवळ बसवून वेगळं काही सांगितलं?

इथेच प्रशिक्षकाचा मुद्दा येतो, आणि मी पालकांपेक्षा त्यालाच जास्त का धरतो तेही. पालकाला नियम माहीत नसतात. तो बघतो प्रशिक्षकाच्या तोंडाकडे. प्रशिक्षक शांत बसला तर पालक चुळबुळ करतात आणि गप्प होतात. प्रशिक्षकाने खुर्ची सोडून हातवारे सुरू केले की पालकांना परवानगी मिळते. आणि पोरं? त्यांना तर हरण्याचं कारण आयतं मिळतं. सराव कमी पडला, डावीकडची बाजू उघडी राहिली, पाठलागात घाई केली, हे सगळं पुसून जातं आणि एकच वाक्य उरतं, पंचाने हरवलं. काही प्रशिक्षक हे मुद्दाम करतात असा माझा स्पष्ट आरोप आहे. पंचाच्या नावाने खडे फोडले की शाळेच्या संस्थाचालकांपुढे स्वतःच्या कामाचा जाब द्यावा लागत नाही.

मोठ्या पातळीवर हे ओळखलं गेलंय, म्हणून तिथे प्रशिक्षकाला सूट नसते. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला मल्ल दीपक पुनियाचं कांस्य अखेरच्या काही सेकंदांत हुकलं आणि त्याच्या परदेशी प्रशिक्षकाने पंचावर हात टाकला. त्याचं अधिकारपत्र रद्द झालं, आणि आपल्या महासंघानेही त्याला घरचा रस्ता दाखवला. त्याआधी २००८ ला बीजिंगमध्ये क्युबाच्या तायक्वांदोपटूने पंचाच्या तोंडावर लाथ मारली, तेव्हा आजन्म बंदी एकट्या खेळाडूवर नाही, त्याच्या प्रशिक्षकावरही आली. आमच्या तालुका स्पर्धेत अशी वेळ आली तर काय होतं? संध्याकाळी चहा होतो, 'जाऊ दे, आपलीच माणसं' होतं, आणि पुढच्या वर्षी तोच मास्तर त्याच खुर्चीवर.

यावर हमखास येणारा प्रश्न असा: मग अन्याय गिळायचा? विशेषतः आम्हाला, सीमाभागातल्या मराठी माणसांना, 'लवादाचा निकाल मुकाट मान्य करा' हे सांगायची हिंमत कशी होते? प्रश्न झोंबणारा आहे आणि तो टाळू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगावसह हा पट्टा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातला गेला, ते आपण मान्य केलं नाही. सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ ला नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवा असं सांगितलं, तेही मान्य केलं नाही, महाराष्ट्रानेही नाही. पण मान्य केलं नाही म्हणजे काय केलं? सत्याग्रह केले, लाठ्या खाल्ल्या, निवडणुका लढवल्या, जुने कागद, उतारे, शाळांचे दाखले जपून ठेवले, आणि २००४ साली महाराष्ट्र दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती महाजनांची कॉलर धरली असती तर सीमा हलली असती, असं म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. निकाल अमान्य करणं आणि निकाल देणाऱ्याच्या अंगावर जाणं यातला फरक ज्या समाजाने इतकी वर्षं पाळला, त्याला तो कबड्डीच्या मैदानावर समजू नये?

कोणी म्हणेल, त्या दाव्याचा निकाल अजून लागतोय कुठे? कागदाच्या वाटेने गेलं की असंच ताटकळायचं. खरं आहे. म्हणून तर पोरांच्या स्पर्धेत हरकतीचा निकाल अर्ध्या तासात लागला पाहिजे, आणि ती सोय करणं आयोजकांचं काम आहे. पण वाट कागदाचीच. खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ, पण तिचा हा भाग कोणी सांगत नाही. १९५२ च्या ऑलिंपिकआधी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. एक गुण, आणि त्यावर आयुष्य टांगलेलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, निवड चाचणीत उतरायची संधी मिळवली, समोरच्याला लोळवलं, हेलसिंकीला गेले आणि कांस्य घेऊन आले. त्यांनी मद्रासला पंचाला उचलून आपटलं असतं, आणि ते त्यांना सहज जमलं असतं, तर गोळेश्वरच्या त्या माणसाचं नाव आज कोणाला माहीत असतं?

आणखी एक प्रसंग, कारण क्रिकेटशिवाय आपलं पान हलत नाही. १९८१, मेलबर्न. गावसकर ७० वर पायचीत दिले गेले, चेंडू बॅटला लागला होता ही त्यांची खात्री, आणि भडकून त्यांनी समोरच्या टोकाच्या चेतन चौहानलाही आपल्याबरोबर बाहेर चालवलं. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुर्राणी आडवे आले आणि चौहानला त्यांनी परत आत पाठवलं. गावसकरांसारखा माणूस तोल घालवू शकतो, मग चौदा वर्षांच्या पोराचं काय घेऊन बसलात? माझं लक्ष जातं ते दुर्राणींकडे. पंचाचा निर्णय बरोबर की चूक या भानगडीत ते पडले नाहीत. सामना सोडायचा नाही एवढंच त्यांनी बघितलं. तो सामना पुढे भारताने जिंकला, ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद. प्रशिक्षकाचं काम म्हणजे ते सीमारेषेवर आडवं उभं राहणं. आमचे प्रशिक्षक मात्र पोरांच्या पुढे पळत आत जातात.

राहिला प्रश्न पक्षपाताचा. घरचे पंच नकोत ही तक्रार जागतिक क्रिकेटमध्ये अनेक वर्षं होती आणि तिच्यात तथ्य होतं. १९८७ मध्ये फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार आणि पाकिस्तानी पंच एकमेकांवर बोटं रोखून भांडले, त्यात एक अख्खा दिवस खेळ झाला नाही आणि साधलं काहीच नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९८६ ला, लाहोरमध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीला इम्रान खानच्या आग्रहावरून दोन भारतीय पंच उभे राहिले होते, व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर. तटस्थ पंचांची पद्धत पुढे रुळली ती या वाटेने. हे तालुक्यात करायला काय लागतं? खानापूरचे मास्तर बेळगावला, निपाणीचे हुक्केरीला, हुक्केरीचे खानापूरला. एस. टी.चं भाडं आणि दुपारचं जेवण, एवढाच खर्च. आडनावाचा संशय याने पुरता जाणार नाही, पण 'संध्याकाळी ह्याच्याच पोरांशी सामना आहे' हा संशय नक्की जाईल, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आता हरकतीबद्दल. तंत्रज्ञान आल्यापासून लोक म्हणतात, मोबाइलमध्ये सगळं दिसतं, मग पंचाची मनमानी का सहन करावी? पण तंत्रज्ञान जिथे आलं तिथे हरकत मोकाट सुटली का? उलट ती मोजून-मापून मिळू लागली. क्रिकेटमध्ये फेरविचार मागायच्या संधी ठरावीक, आणि त्या मागणारेही ठरावीक. आंतरराष्ट्रीय कुस्तीत कोपऱ्यातला प्रशिक्षक चॅलेंज मागू शकतो, पण ते फसलं तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे शंका घ्यायचा हक्क पुरा आहे, पण शंकेला किंमत आहे, म्हणून माणूस आधी विचार करतो. आपल्याकडे ओरडणं फुकट आहे. ते महाग करा. हरकत फक्त नोंदवलेल्या प्रशिक्षकाने, लेखी, अनामत भरून घ्यायची. बरोबर निघाली तर पैसे परत, नाहीतर जप्त. आणि बाकी कोणीही, मग तो नगरसेवक असो की संस्थेचा चेअरमन, रेषा ओलांडून आला तर सामना तिथेच थांबवायचा. रेषेवर बसून टाळ्या, शिट्ट्या, हलगी काय वाजवायचं ते वाजवा, त्याला कोणाची ना नाही.

शिक्षा कोणाला करायची यावर मात्र माझं पहिल्या तटाशीही पटत नाही. त्यांना वाटतं, प्रशिक्षकाने दंगा केला की संघच बाद करा, म्हणजे धडा मिळेल. धडा कोणाला? बारा पोरांचं वर्ष एका मोठ्या माणसाच्या रागापायी घालवायचं हा कुठला न्याय? इंग्लंडमध्ये खालच्या पातळीवरच्या फुटबॉलमध्ये २०१९-२० पासून रेफ्रीशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटं बाहेर बसवतात आणि मग परत खेळू देतात. पोरांना एवढं पुरे. प्रशिक्षकाला मात्र फाटकाबाहेर काढा, त्या हंगामाच्या उरलेल्या सामन्यांना त्याला संघाजवळ फिरकू देऊ नका, आणि संघ शाळेतल्या दुसऱ्या कोणा शिक्षकाबरोबर खेळू द्या. आयोजक म्हणतील, तो मास्तर गेला तर त्याच्या मागची गर्दी जाते, गर्दी गेली तर चषकाला फोटोसकट पैसे देणारे पुढारी येत नाहीत. हे ते खासगीत कबूलही करतात. मग त्यांनी निदान एवढं करावं: पोस्टरवर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बक्षिसाची रक्कम छापतात, तिथेच खाली पंचाचं दिवसाचं मानधन किती तेही छापावं. बघू दे लोकांना.